उन्हातली फांदी

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. बाकी आमच्या संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला खारुताई म्हणायचे. झाडावर चढायची म्हणून.

मी त्या संस्थेच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं काढली. नळ्या, पिशव्या, दोर, बॅटऱ्या, पट्ट्या, जे काही रानात जायचं ते माझ्या हातून जायचं आणि परत आलं की माझ्याच वहीत चढायचं. त्यामुळे खारुताईची गोष्ट मी सांगावी हे बरोबर आहे. शिवाय जे घडलं त्यात माझाही थोडा हात आहे. ते पुढे येईलच.

ती संस्थेत आली ती एका लॉन्ड्रीची माणूस म्हणून. प्रयोगशाळेतले पांढरे कोट धुऊन आणून द्यायची. तेव्हा असेल बावीस-तेवीसची. आवारातल्या एका उंच झाडावर मोठ्या बाईंची मोजमापाची पिशवी अडकली होती आणि खाली दोन दांडगे पुरुष शिडी कुठे टेकवायची यावर वाद घालत होते. हिनं कोटांचं गाठोडं माझ्या दारात ठेवलं, चपला काढल्या आणि बघता बघता वर. पिशवी घेऊन खाली आली तेव्हा त्या दोघांची शिडी अजून आडवीच होती.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ. त्या म्हणाल्या, "उद्यापासून कामाला ये."

"कसलं काम?"

"झाडावर चढायचं."

"आणि उतरायचं कोण बघणार?" हिनं विचारलं.

बाई हसल्या. त्यांना हसताना आम्ही क्वचितच पाहिलं होतं, त्यामुळे ही टिकणार हे मला तेव्हाच कळलं.

बाईंचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ऊन तापलं की झाडं पानांतून निरनिराळे वायू सोडतात. काहींना वास असतो, काहींना नसतो. जंगल लहान असताना ते काय सोडतं आणि वाढत, मुरत, जुनं होत जातं तसं त्यात काय बदलतं, हे बाईंना शोधायचं होतं. एका माणसाच्या आयुष्यात एक जंगल लहानाचं म्हातारं होत नाही. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या वयाचे तीन तुकडे निवडले. एक जुन्या खाणीच्या जागेवर नुकतंच लावलेलं, दुसरं चाळीसेक वर्षांचं, आणि तिसरं इतकं जुनं की त्याचं वय कुणी सांगू शकत नव्हतं. खारुताईचा नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. त्यानं या तिघांची नावं ठेवली: बालवाडी, हायस्कूल आणि पेन्शनर. ती नावं इतकी रुळली की बाईसुद्धा बैठकीत बोलताना चुकून "पेन्शनर" म्हणून जायच्या.

काम सांगायला सोपं. फांदीच्या टोकाला पारदर्शक पिशवी बांधायची, छोटा पंप लावायचा, पिशवीतली हवा एका पोलादी नळीतून ओढायची. नळीतल्या पावडरीला ते वायू चिकटतात. मग नळीची दोन्ही तोंडं बंद करून थंड पेटीत टाकायची आणि वहीत लिहायचं: झाड कोणतं, फांदी कोणती, किती उंचीवर, उन्हात की सावलीत. प्रयोगशाळेतलं यंत्र त्या नळीचा कागदावर आलेख काढायचं. त्यात सगळ्यात आधी उमटणाऱ्या वायूला एक लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला "पहिलं टोक" म्हणायचो. बाईंचा सगळा जीव त्या पहिल्या टोकात होता. या वायूला वास नाही, पण गाड्यांच्या धुरात मिसळून उन्हात तापला की शहराची हवा बिघडवतो. कोवळी, झपाट्यानं वाढणारी झाडं तो भरपूर सोडतात. जंगल जुनं होईल तसा तो कमी होत जातो, असं बाईंचं म्हणणं होतं. सिद्ध करायचं होतं.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हा वायू पानं सोडतात ती उन्हात. शेंड्याचं पान जेवढं सोडतं त्याचा चौथा हिस्साही सावलीतलं पान सोडत नाही. म्हणून नियम एकच होता. फांदी उन्हातली हवी.

बालवाडीला शिडी पुरायची. हायस्कूलला लोखंडी मनोरा उभारला होता. पेन्शनरमध्ये मुळांना धक्का नको म्हणून मनोऱ्याला परवानगी मिळाली नाही. तिथे पाच झाडं, प्रत्येकावर खुणेची एक फांदी, अठरा ते बावीस मीटरवर. तिथे दोर आणि खारुताई.

पंचवीसहून जास्त वर्षं ती चढली. शास्त्रज्ञ आले, गेले, परदेशी गेले, दुसऱ्या विषयाकडे वळले. बाई राहिल्या आणि ही राहिली. पंधरवड्यातून एकदा, डबा कमरेला बांधून वर. दुपारचं जेवण ती पुष्कळदा वरच करायची. "खाली मुंग्या वाटा मागतात," असं म्हणायची.

मग ती एक्कावन्न वर्षांची असताना पाय घसरला. दोर होता म्हणून पडली नाही, पण सगळा भार उजव्या हातावर आला आणि खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. ती त्या दिवशी पाचही नळ्या घेऊन आली. माझ्या टेबलावर पेटी ठेवताना डाव्या हातानं ठेवली. मी विचारलं, "काय गं, हाताला काय झालं?" म्हणाली, "झोपताना अवघडला."

अवघडलेला खांदा पुढे आखडला. हात छातीच्या वर जाईना. सकाळी वेणी घालता येईना, म्हणून नवरा घालू लागला. त्याला बसचं चाक बदलता येत होतं, वेणी येत नव्हती. ती वाकडीतिकडी वेणी घेऊन दोन महिने फिरली आणि मग तिनं केस कापूनच टाकले. आम्ही म्हणालो, म्हातारपणी फॅशन सुचली!

पन्नाशीनंतर चढणाऱ्या माणसानं दरवर्षी डॉक्टरचा दाखला द्यायचा, असा संस्थेचा नियम होता. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली आणि सही केली. "हात वर करून दाखवा" एवढं म्हणायचं त्यांना सुचलं नाही. तिनंही सुचवलं नाही.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. ती पेन्शनरच्या पहिल्या झाडावर सहा मीटरपर्यंत गेली. तिथे एक जाड बेचकं होतं. पुढच्या पकडीसाठी उजवा हात उचलायला गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ती बेचक्यात बसून राहिली. अंगाला लागूनच त्याच झाडाची एक फांदी होती, हिरवी, चांगली, पण गर्द सावलीत. तिनं पिशवी तिथे बांधली. वहीत लिहिलं: उंची १९, ऊन.

"फक्त त्या दिवसापुरतं होतं ते," नंतर तिनं मला सांगितलं. "घरी आले, खांदा शेकला, म्हटलं पुढच्या वेळी जमेल. पुढच्या वेळी दोन झाडं जमली, तीन नाही जमली. मग एक जमलं. मग कुठलंच नाही."

"बाईंना का नाही सांगितलंस?"

तिनं डाव्या हातानं खांदा चोळला. मग म्हणाली, "भाऊ, मला शाळा नाही, इंग्रजी नाही. मला त्या इमारतीत आत घेतलं ते कशासाठी? चढता येतं म्हणून. चढता येत नाही असं सांगितलं तर मग मी कोण?"

असं चार वर्षं चाललं.

आता माझं सांगतो. चढायचा दोर दीड वर्षात बदलावा लागतो, घासून झिजतो. त्या चार वर्षांत तिनं एकही दोर मागितला नाही. हे माझ्या वहीत होतं. माझ्या नजरेत आलं होतं. मला वाटलं, बरंय, सामान वाचतंय. आणि मी पान उलटलं.

इकडे बाईंचे गुडघे गेले होते. रानात जाणं बंद झालं होतं. त्यांच्यापर्यंत फक्त आकडे पोचायचे, आणि आकडे त्यांना हवे तसेच येत होते. पेन्शनरचं पहिलं टोक दर वर्षी खाली बसत होतं. बाईंनी एक दिवस खारुताईला खोलीत बोलावलं, पडद्यावर आलेख दाखवला. वरून खाली उतरत आलेली लांब रेघ.

"बघ! तुझ्या तीस वर्षांची घसरगुंडी!" बाई लहान मुलीसारख्या खूश होत्या. "मी म्हणत होते ना? जंगल जुनं झालं की हा वायू सोडतच नाही म्हटलं तरी चालेल."

खारुताईनं आलेखाकडे पाहिलं. शेवटच्या चार ठिपक्यांशी रेघ एकदम तुटून खाली गेली होती. तिला ते चार ठिपके म्हणजे आपले चार फोटो लावल्यासारखे वाटले. ती म्हणाली, "छान आलंय, बाई."

या आकड्यांवरचा बाईंचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात तिचं नाव होतं. नवऱ्याला कोण आनंद झाला! म्हणाला, "त्या पानाची फ्रेम करू, बसमध्ये माझ्या डोक्यावर लावू." ती एवढ्या जोरात "नको" म्हणाली की माहेरी आलेली मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली.

त्यानंतर दोरवाली आली. ही नवी संशोधक, तिशीच्या आतली. बाई निवृत्त व्हायला वर्षही उरलं नव्हतं, त्यांचं काम पुढे कुणीतरी चालवायला हवं म्हणून तिला घेतलं होतं. येताना स्वतःचे दोर, कड्या, हेल्मेट सगळं घेऊन आली. माझ्याकडून तिला काही नको होतं म्हणून मी थोडा नाराजच झालो. तिनं महिनाभरात तिन्ही तुकड्यांत स्वतः नळ्या भरल्या. बालवाडीचे आकडे जुळले. हायस्कूलचे जुळले. पेन्शनरचं पहिलं टोक मात्र बाईंच्या आकड्याच्या चौपटीहून जास्त आलं.

बाई म्हणाल्या, पिशवी तापली असेल. तिनं पुन्हा केलं. बाई म्हणाल्या, नळी आधीच घाण असेल. तिनं माझ्याकडून कोऱ्या नळ्या नेल्या आणि पुन्हा केलं. तेच. मग एका बैठकीत सगळ्यांच्या देखत बाईंचा तोल गेला.

"एका महिन्यात शिकलेली पोर मला माझं जंगल शिकवणार? तुला फांदी धरता येत नाही, आकडा कसला धरतेस! उद्यापासून खारुताईबरोबर जा. ती कशी मोजते ते शिक. ते जमेपर्यंत तुझी एकही नळी यंत्राला लागणार नाही. आणि नाहीच जमलं, तर दुसऱ्या विभागात जागा बघ."

खारुताई त्या खोलीत चहाचे कप गोळा करत होती. तिनं कप ट्रेमध्ये ठेवले. एक फुटला.

दुसऱ्या दिवशी दोघी पेन्शनरमध्ये गेल्या. खारुताईनं खालून झाड दाखवलं, दोरवाली वर गेली. पाऊण तास वर होती. खाली आली आणि दोर गुंडाळून पिशवीत भरू लागली. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी ती माझ्या खिडकीशी आली आणि टेबलावर प्लॅस्टिकची एक केशरी पट्टी ठेवली. सालीत रुतून बसलेली सोडवून काढली होती, कडेला झाडाचा तुकडा चिकटलेला.

"काका, अशी पट्टी तुमच्याकडे आहे?"

"नाही. आता निळ्या येतात."

"केशरी कधी बंद झाली?"

खुणेच्या फांदीवर दर वर्षी नवी पट्टी बांधायची असते. मी वही काढली, पान काढलं, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की ती काय विचारते आहे. मी तारीख सांगितली. चार वर्षं आणि दोन महिने. तिनं मान हलवली, पट्टी खिशात घातली आणि गेली. मी तिला थांबवून दोराचं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

पुढचं खारुताईच्या तोंडून ऐकलेलं. सकाळी रानात पोचल्यावर दोरवालीनं तळहात उघडला. "ताई, वर ही होती."

खारुताईनं पट्टीकडे पाहिलं आणि खाली बसली.

"मी बाईंना सांगणार नाही," दोरवाली म्हणाली. तिनं पट्टी मुठीत आवळली. रागानं की भीतीनं ते कळत नव्हतं. "त्यांनी मला सांगितलंय, तुमच्यासारखं मोजायला शिक. मी शिकायला आलेय. तुम्ही कसं मोजता ते दाखवा मला."

"मॅडम, असं करू नका."

"दाखवा ना, ताई. मला नोकरी टिकवायची आहे. तुम्ही जशी पिशवी बांधता तशीच मी बांधीन. तुमच्यासारखाच आकडा येईल. मग सगळे खूश होतील."

खारुताईनं उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला. तिनं डाव्या हातानं कोपराला आधार देऊन आणखी थोडा वर रेटला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढाच जातो," ती म्हणाली. "चार वर्षं झाली."

दोरवाली तिच्या शेजारी पालापाचोळ्यात बसली. त्या दिवशी एकही नळी भरली गेली नाही.

खारुताई दुपारीच घरी गेली. नवरा दोन फेऱ्यांच्या मध्ये जेवायला आला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. त्यानं घास ताटातच ठेवला.

"ब्रेक लागत नाही हे माहीत असताना तू चार वर्षं गाडी चालवलीस," तो म्हणाला.

"मग काय करू आता?"

"थांबव. दुसरं काय करणार?"

"तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमची बस काढून घेतली तर कळेल!"

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "मी रोज सकाळी तुझी वेणी घालायचो. हात वर जात नाही हे मला दिसत होतं. आणि पंधरा दिवसांनी तू दोर घेऊन निघायचीस. मग ही चढते कशी, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आता तुला काय बोलू मी?" जेवण तसंच टाकून तो उठला आणि दुपारच्या फेरीला दहा मिनिटं आधीच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या खोलीत गेली. बाई ठेंगण्या स्टुलावर बसून जुन्या फायली लावत होत्या. निवृत्तीला दोन महिने होते.

"बाई, पेन्शनरचे आकडे चुकलेत. माझ्यामुळे."

"काय झालं? नळी बदलली?"

"नाही. मी वर गेलेच नाही. खांदा गेलाय, हात उचलत नाही."

बाईंना आधी ते समजलंच नाही. मग त्या खुर्चीला धरून उठल्या.

"कोणतं झाड?"

"पाचही."

"कधीपासून?"

तिनं सांगितलं.

"मग पिशवी कुठे बांधायचीस?"

"पहिल्या बेचक्यात. सहा मीटर. कधी सात."

"सावलीत?"

"सावलीत."

बाई खुर्चीत बसल्या. पडद्यावरचा तो आलेख त्यांना बघायची गरज नव्हती. तीस वर्षं तो डोक्यात होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं मी तुझा खांदा मोजत होते तर."

खारुताई उभीच होती. ओरडतील, फाइल फेकतील, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"मला सांगायचं होतंस."

"घाबरले, बाई."

"मला?"

"तुम्हाला नाही."

"जा," बाई म्हणाल्या. "दार ओढून घे."

त्याच आठवड्यात बाईंनी मासिकाला पत्र लिहून आपला निबंध मागे घेतला. आमच्याकडच्या दोन मोठ्या माणसांनी त्यांना समजावलं की आता कुठे हे उकरता, दोन महिन्यांनी तुम्ही मोकळ्या, पुढचे लोक काय ते बघतील. बाईंनी त्यांना खोलीबाहेर काढलं. दोरवालीची त्यांनी बैठकीत, सगळ्यांच्या देखत, माफी मागितली. पण निरोपाचा कार्यक्रम नको म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी एक पिशवी खांद्याला लावून, काठी टेकत, त्या फाटकातून एकट्याच गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. खारुताई त्या दिवशी कामावर नव्हती. तिची चौकशी चालू होती.

चौकशीला तिघे होते. त्यांनी विचारलं, असं का केलं? ती म्हणाली, "चढता येत नव्हतं." त्यांनी लिहिलं, "कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर." तिची नोकरी गेली. डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. मलाही नाही. मी माझ्या वहीसकट दोन दिवस तयार बसलो होतो. कुणी बोलावलं नाही, आणि आपण होऊन जायचं धैर्य मला झालं नाही.

तिला पुन्हा आत आणलं ते दोरवालीनं. तिनं संचालकांना सांगितलं की त्या चार वर्षांच्या नळ्या वाया गेलेल्या नाहीत. सावलीतल्या फांद्यांचं इतकं लांब मोजमाप कुणाकडेच नाही. फक्त कोणती नळी खरोखर कुठली, ते कळलं पाहिजे. आणि ते सांगणारं माणूस एकच आहे.

म्हणून खारुताई अकरा दिवस माझ्या स्टोअरमध्ये येऊन बसली. खिडकीपाशी एक टेबल, चार वर्षांच्या वह्या आणि लाल पेन. पाचशेच्या वर ओळी. प्रत्येक ओळीपुढे खरी उंची लिहायची. ती एकेक तारीख बोटाखाली धरून बसायची आणि पुटपुटायची. "या दिवशी गांधीलमाश्या उठल्या होत्या, तिसऱ्या झाडावर पाच मीटरवरच थांबले. या दिवशी मुलीला कळा सुरू झाल्याचा फोन आला, त्या दिवशी पाचही खालूनच. ही... ही खरी आहे. या दिवशी चढले होते. बावीस मीटर." अशी एखादी खरी सापडली की तिचा चेहरा क्षणभर उजळायचा. शेवटच्या दोन वर्षांत तशी एकही नव्हती.

काही ओळींपाशी मात्र तिला काहीच आठवेना. तिथे ती "आठवत नाही" असं लिहायची आणि ओळ खोडायची. दोरवाली मधूनमधून येऊन बघायची. म्हणाली, "ताई, अंदाजे लिहा ना. सहा नाहीतर सातच असणार."

खारुताईनं पेन खाली ठेवलं. "अंदाजानं लिहूनच तर इथवर आले, मॅडम."

एक्केचाळीस ओळी अशा गेल्या. शेवटच्या दिवशी तिनं खाली सही केली. तिचं अक्षर लहान मुलासारखं, सुटं सुटं. मी चहा मागवला होता, तो तसाच थंड झाला. मी तेव्हा तिला दोराचं सांगितलं. चार वर्षांत एकही मागितला नाहीस, हे मी पाहिलं होतं, असं. ती माझ्याकडे बघत राहिली. "मग का नाही बोललात, भाऊ?" एवढंच म्हणाली. तिनं चपला घातल्या आणि गेली.

नव्यानं मोजायला दोन वर्षं लागली. दोरवालीनं स्वतः चढून पेन्शनर पूर्ण केलं. जे निघालं ते बाईंना हवं तेवढं साधं नव्हतं. जंगल जुनं होतं तसं पहिलं टोक खाली येतं, हे खरं निघालं. पण बाईंनी छापलं होतं त्याच्या निम्मंही नाही. आणि त्याच्या जागी वासाचे दुसरे वायू वाढतात, ते झाडागणिक वेगळे. शेंड्यावर एक गोष्ट, खालच्या सावलीत दुसरी. खालची गोष्ट कळली ती त्या चार वर्षांच्या नळ्यांमुळे. निबंधावर बाईंचं नाव पहिलं ठेवू का, असं दोरवालीनं पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं एका ओळीचं: "ठेवा, पण सगळं लिहा."

दोरवाली छापील प्रत घेऊन खारुताईच्या घरी गेली. मीही गेलो होतो. खारुताई आता एका लहान मुलांच्या शाळेत मदतनीस होती. मुलांना हात धुवायला लावायचं, झोपवायचं, पालकांच्या ताब्यात द्यायचं. दोरवालीनं एक वाक्य आमच्या भाषेत करून वाचलं: या चार वर्षांचे नमुने खालच्या, सावलीतल्या फांद्यांचे आहेत, असं नमुने घेणाऱ्या तंत्रज्ञानं स्वतः लेखी कळवलं आहे.

"पुन्हा वाचा," खारुताई म्हणाली.

तिनं पुन्हा वाचलं.

"नाव नाही ना घातलं?"

"नाही, ताई."

"बरं केलंत." मग जरा वेळानं, पदराला हात पुसत म्हणाली, "घातलं असतं तरी चाललं असतं."

बाई तिला त्यानंतर एकदाच दिसल्या. चष्म्याच्या दुकानाबाहेर. त्यांनी मान हलवली आणि काठी टेकत पुढे गेल्या. ती मान आपल्यासाठी हलवली की मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणासाठी, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. मला तिनं दोन-तीनदा विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासाठीच असणार. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

खांद्यावर उशिरा उपचार झाले. हात आता कानापर्यंत जातो. मागच्या महिन्यात मी तिच्या शाळेत गेलो होतो, तेव्हा सहज म्हटलं, एखाद्या रविवारी पेन्शनरकडे जाऊन येऊ. बस नवऱ्याची आहेच.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "खालून काय बघायचं?"

तेवढ्यात शाळेतलं एक पोर झोपेतून उठून रडायला लागलं, आणि ती आत गेली.